व्हायोलिन उजवीकडून

१

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी दोन वाजता आम्ही ‘शिराकाबा’त जमतो. मोरिओकात, नाकात्सु नदीच्या काठाला, एका ब्रशच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ही कॉफीची जागा आहे. इथं यायचं, युरोपातल्या जुन्या संगीताच्या रेकॉर्ड ऐकायच्या आणि गप्प बसायचं. समोरच्या भिंतीला कपाटाएवढे दोन स्पीकर आहेत, डावा खिडकीकडे, उजवा दाराकडे. त्यांच्याकडे तोंड करून खुर्च्यांच्या दोन रांगा. जागा चालवणारे ओइकावासान पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना सगळे मास्टर म्हणतात.

रविवारची बैठक फक्त आमची. दाराला पाटी लावलेली असते. प्रत्येकानं या महिन्यात घरी काय ऐकलं ते सांगायचं, मग सोबत आणलेल्या रेकॉर्डविषयी तीन मिनिटं बोलायचं आणि तिची एक बाजू लावायची. रेकॉर्ड वाजताना डोळे मिटायचे. मास्टरनी सुई उचलून झाकण लावेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

एकदा झाकण लागलं की मात्र विचारू नका.

“डॉक्टर, तुमची तीन मिनिटं माझ्या घड्याळात अकरा झाली,” चिदासान म्हणतात. त्यांचं तोफूचं दुकान आहे. साठ वर्षं पहाटे उठून सोयाबीन दळल्यामुळे आपल्याला कशाचीच भीती उरली नाही, असं त्या सांगतात.

“हायडनवर तीन मिनिटांत बोलणं म्हणजे त्याचा अपमान आहे,” डॉक्टर तोगाशी म्हणतात. ते दाताचे डॉक्टर.

“तुमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला बोलता येत नाही ना, म्हणून सवय लागली तुम्हाला.”

मास्टर कॉफी आणतात. चिदासाननी आणलेले तळलेल्या तोफूचे तुकडे किसलेलं आलं लावून खायचे. बाहेर बर्फ. नदीचा आवाज काचेतून अर्धाच येतो. महिन्यात मला इतकं हसू दुसरीकडे कुठेच येत नाही.

२

मी या मंडळात उशिरा आले, तेही दुसऱ्याच्या जागेवर.

जागा माझ्या नवऱ्याची होती. सेइगो बारा वर्षं इथं येत होता. पुढच्या रांगेतली तिसरी खुर्ची. तो बसडेपोत गाड्यांच्या वेळा पुकारायचा. रविवारी दुपारी त्याला कुणाचाही, स्वतःचासुद्धा, आवाज नको असायचा. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तो गेला. घरी सहाशेचाळीस रेकॉर्ड राहिल्या आणि त्या कशा धरायच्या हेही मला ठाऊक नव्हतं.

एकोणपन्नासावा दिवस उलटल्यावर चिदासान तोफूचा डबा घेऊन आल्या.

“यागिसावासान, ती खुर्ची रिकामी दिसते. डोळ्यांना त्रास होतो. तुम्ही येऊन बसा.”

“मला त्यातलं काही कळत नाही हो.”

“मला कुठं कळतं? डॉक्टरांना कळतं, म्हणून तर त्यांना ऐकण्यात मजा येत नाही.”

मी गेले. पहिल्या वेळी कव्हरवर कोंबडीसारखं चित्र दिसलं म्हणून एक रेकॉर्ड उचलून नेली होती. हायडनची एक चौकडी निघाली, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. चौघं जण एकमेकांची वाक्यं तोडत बोलत असावेत तसं ते वाजत होतं. मध्येच सगळे थांबले. मला वाटलं, संपलं. मी डोळे उघडले, आणि त्यांनी हळूच परत सुरू केलं, जणू मला फसवायलाच थांबले होते. मला हसू फुटलं. सेइगो गेल्यानंतर पहिल्यांदा. नियम मोडला म्हणून मी तोंडावर हात धरला. पाहते तर मास्टर यंत्राजवळ उभे राहून माझ्याकडे बघत होते आणि त्यांचेही खांदे हलत होते.

तेव्हापासून मी दर महिन्याला एक रेकॉर्ड नेते. चित्र बघून निवडते. डॉक्टरांच्या मते ही पद्धत अशास्त्रीय आहे, पण माझ्या रेकॉर्ड त्यांच्यापेक्षा चांगल्या निघतात हे त्यांनी एकदा कबूल केलं. दात काढताना करतात तशा चेहऱ्यानं.

३

गेल्या नोव्हेंबरात मास्टरनी सुई बदलली.

बैठक सुरू व्हायच्या आधी ते खिडकीशी भिंग लावून बसले होते. सुई ज्या लहानशा डबीत बसवलेली असते तिच्या मागे तांदळाएवढ्या चार खुंट्या असतात आणि त्यांना चार वायरी जोडायच्या असतात. पांढरी, निळी, तांबडी, हिरवी. मास्टरनी डबी उलटी धरली होती आणि शेजारच्या कागदावरची आकृती सुलटी होती.

“मी बघू का?” डॉक्टर म्हणाले.

“तुम्ही दात बघा,” मास्टर म्हणाले. “मी हे चाळीस वर्षं करतोय.”

डिसेंबरच्या बैठकीला डॉक्टरांनी शूबर्टची एक सिंफनी आणली. प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित केलेली, व्हिएन्नातल्या कुठल्याशा सभागृहातली, आमच्या लग्नाच्याही आधीची. त्यांनी नऊ मिनिटं भाषण केलं. मग बाजू लागली आणि मी डोळे मिटले.

संथ भागात, सनईच्या जातीचा ओबो एकटा वाजत असताना, मागे कुणीतरी गोळीचा कागद सोडायला लागलं.

मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. मैफलींच्या रेकॉर्डमध्ये लोक खोकतात, खुर्च्या वाजवतात. उलट मला ते आवडतं. मग लक्षात आलं की हा माणूस कागद फार सावकाश सोडतोय. एक चुरचुर, मग थांबणं. पुन्हा अर्धी चुरचुर, पुन्हा थांबणं. हळू केलं तर कुणाला ऐकू जाणार नाही असं ज्याला मनापासून वाटतं, त्याचं ते सोडणं होतं.

सेइगोचा घसा कामामुळे कायम कोरडा. मैफलीला जाताना तो खिशात खोकल्याच्या गोळ्या ठेवायचा आणि नेमका संथ भागात त्यातली एक काढायचा. मी गुडघ्यानं त्याच्या गुडघ्याला धक्का द्यायचे. त्यामुळे तो आणखी सावकाश करायचा. एकदा सेंदाईत त्यानं एका गोळीला एक पूर्ण अडाजिओ, म्हणजे अख्खा संथ भाग, लावला होता. पुढच्या रांगेतल्या बाई मध्यंतरात वळून म्हणाल्या, “आता तरी खा.”

तो कागद मी तेवीस वर्षं ऐकला होता. शेवटी एक झटका यायचा, धीर सुटल्यासारखा. तो झटकाही आला.

झाकण लागलं. मी काहीच बोलले नाही. चिदासानही त्या दिवशी जरा गप्पच होत्या.

४

शाळेत भूगोल शिकवून माझी आता पंचवीस वर्षं होत आली. ढग कशामुळे, भूकंप कशामुळे, हे मुलांना सांगताना मी कधी अडखळत नाही. म्हणून घरी जाताना मी स्वतःलाच सांगितलं: हिवाळा आहे, हवा कोरडी आहे, रेकॉर्डवर वीज साठते आणि ती तडतडते. एवढंच.

तरी मी डॉक्टरांकडून ती शूबर्ट मागून आणली. घरी सेइगोच्या यंत्रावर चार वेळा लावली. ओबो आला, गेला. व्हिएन्नातले लोक दोनदा खोकले. कागद नव्हता.

जानेवारीत चिदासाननी एक चौकडी आणली. कव्हरवर लिहिलं होतं की ती खेड्यातल्या एका रिकाम्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केली आहे. वाजवणारे चौघं आणि यंत्रवाला, बाकी तिथं कुणी नव्हतं.

“मोजून पाच माणसं,” चिदासान म्हणाल्या, “आणि काय गार असेल तिथं. ऐका, बोटं कशी आखडलीत.”

संथ भाग आला. मी बोटं पोटाशी धरून बसले.

कागद वाजला. या वेळी जवळ. व्हिएन्नात तो हॉलच्या मागच्या टोकाला होता, आता चार-पाच रांगांवर आला होता. मी आमच्या खोलीतल्यांचे हात पाहायला डोळे उघडले. डॉक्टरांचे हात मांडीवर होते. चिदासानचे बाह्यांत. मास्टर यंत्राशी, एका कानामागे हात धरून, कपाळाला आठ्या घालून उभे. कुणीच कागद सोडत नव्हतं.

मग धीर सुटल्याचा तो झटका आला, आणि खरं सांगते, मला भीती वाटलीच नाही. मला इतकं बरं वाटलं की माझा गुडघा आपोआप उजवीकडे सरकला.

तिथं डॉक्टरांचा गुडघा होता. आम्ही दोघंही दचकलो.

झाकण लागल्यावर चिदासान म्हणाल्या, “यागिसावासान, डॉक्टर विधुर आहेत हे खरं, पण जरा दमानं घ्या.”

डॉक्टर तांबडे झाले. मी पोट धरून हसले. घरी परतताना पुलावर उभी राहून एकटीच पुन्हा हसले. बर्फ पडत होता आणि मला पुढच्या तिसऱ्या रविवारपर्यंतचे दिवस मोजावेसे वाटत होते.

५

फेब्रुवारीत माझ्या रेकॉर्डच्या कव्हरवर एका जहाजाचं चित्र होतं. आत पूर्ण वाद्यवृंद निघाला. पहिल्या दहा सेकंदांत मी डोळे उघडले.

जाड आवाजाची बास वाद्यं खिडकीकडून वाजत होती.

संगीतातलं मला थोडंच कळतं, पण आमच्या शहराच्या सभागृहात मी नेहमी उजव्या बाजूला बसत आले आहे आणि बास माझ्या पायांतून चढतात. व्हायोलिन डावीकडे, चेलो आणि बास उजवीकडे. इथं व्हायोलिन दाराकडे होती. सगळा वाद्यवृंद आरशातल्यासारखा. मला मास्टरच्या हातातली उलटी डबी आणि कागदावरची सुलटी आकृती आठवली. चारही वायरी उलट्या क्रमानं लागल्या होत्या, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. तीन महिने. आणि व्हायोलिनच्या आवाजावरून ते कुठल्या गावात बनलं हे ओळखणारे डॉक्टर दर बैठकीला छातीवर हात बांधून बसत होते.

याचं मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण असं उलटं मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. सेंदाईत एका वर्षी जागा उरली नव्हती, म्हणून सेइगोनं आणि मी रंगमंचाच्या मागची, वाद्यवृंदाच्या पाठीमागची बाकं घेतली. तिथून व्हायोलिन उजवीकडे येतात. आणि तिथून, वादकांच्या डोक्यांवरून, समोर अख्खा हॉल दिसतो. दीड हजार चेहरे, तुमच्याकडे वळलेले.

तेवढ्यात डॉक्टरांना शिंक आली. रुमालात दाबली, पण आलीच.

रेकॉर्डमध्ये कागद वाजत होता. तो थांबला. मग तिकडून, डावीपासून उजवीपर्यंत, पुष्कळ तोंडांतून एकदम “श्श” असा आवाज आला.

डॉक्टर ताठ झाले. डोळे त्यांनी मिटलेलेच ठेवले.

त्या दिवशी मी मास्टरना आणखी एक रेकॉर्ड लावायची विनंती केली. जुनी, एकेरी आवाजाची, जिच्यात डावं-उजवं नसतंच. त्यात फक्त पियानो होता आणि जुन्या धुळीची चरचर. कागद नाही. कुणी नाही. मला हवा होता तो पुरावा मिळाला आणि मी तो कुणाला सांगितला नाही. वायरी सुलट्या झाल्या की सेइगो जाणार, हे मला कळलं होतं.

तोफू खाऊन झाल्यावर मास्टर म्हणाले, “एक सांगायचंय. एप्रिलनंतर मी हे बंद करीन म्हणतो.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

“कान गेले माझे. सुई बदलल्यापासून सगळं चुकीचं ऐकू येतं. ओळखीच्या घरात शिरावं आणि दिव्याचं बटण हाताला लागू नये, तसं. तुम्हाला कुणालाच काही वाटत नाही, म्हणजे दोष माझाच. ज्याला ऐकू येत नाही त्यानं लोकांना ऐकवू नये.”

“काहीतरीच,” चिदासान म्हणाल्या, पण त्यांच्या बोलण्यात नेहमीचा जोर नव्हता.

मी कपातल्या कॉफीकडे बघत होते. एक वाक्य बोलले असते तर त्या म्हाताऱ्या माणसाला त्याचे कान परत मिळाले असते. मी बोलले नाही. कपातली कॉफी संपवली, कोट घातला आणि घरी आले.

६

तो महिना वाईट गेला. वर्गात वाऱ्यांच्या दिशा शिकवताना मी फळ्यावर पूर्वेच्या जागी पश्चिम लिहिली. मुलं हसली.

मार्चच्या बैठकीला मी पुन्हा एक मैफलीतली रेकॉर्ड नेली, पण खुर्चीवर बसले नाही. खुर्ची उचलली आणि, सेंदाईतल्यासारखा समोर हॉल दिसतो का ते बघायला, दोन स्पीकरच्या मधोमध, त्यांच्याकडे पाठ करून ठेवली.

“आमचा फोटो काढताय का?” चिदासान म्हणाल्या. “आधी सांगायचं, केस विंचरून आले असते.”

“मान अवघडली आहे,” मी म्हणाले. “इथं खिडकीचा वारा लागत नाही.”

“बसू दे त्यांना,” मास्टर म्हणाले आणि सुई टेकवली.

माझ्या पाठीमागून संगीत सुरू झालं. समोर डॉक्टर, चिदासान आणि माझी रिकामी जागा. दोघांचेही डोळे मिटलेले. चिदासानची हनुवटी हळूहळू खाली येत होती. त्यांच्या मागे दुसरी रांग, तिच्या पाठींवर आमचे कोट टाकलेले. त्यामागे भिंत, भिंतीवर दिनदर्शिका. दुपारचं स्वच्छ ऊन होतं.

संथ भाग आला. पहिली चुरचुर झाली तेव्हा मी दुसऱ्या रांगेकडे बघतच होते.

कोट होते. चार कोट. गडद रंगाचा एक खुर्चीवर थोडा सरळ राहिला होता, आत खांदे असल्यासारखा. त्याच्या बाह्या मांडीवर येतात तशा पुढे आल्या होत्या. आणि बाह्यांच्या टोकाशी दोन हात एकमेकांवर झाकलेले, आत काहीतरी लपवून सोडत असलेले. अंगठ्याचं नख मला ओळखू आलं. ते डेपोच्या खिडकीत सापडून दुभंगलं होतं.

चेहऱ्याकडे मी बघितलं की नाही, मला सांगता येत नाही. बघितलं असावं, कारण तो माझ्याकडे बघत नव्हता हे मला माहीत आहे. मान जराशी तिरकी होती. वाद्यं लावून झालीत, दिवे मंद झालेत आणि अजून काही सुरू होत नाही, तेव्हा माणूस जसा बसतो तसा तो बसला होता. आणि दिनदर्शिका जिथं होती तिथं ती दिसत नव्हती. तिथं मागे, आणखी मागे, भिंत असायला हवी त्याच्याही पलीकडे, तशाच तिरक्या माना होत्या. रांगेमागून रांग. सगळे तसेच थांबलेले. आमच्यापैकी कुणाचेच इतके लोक गेलेले नव्हते.

ते आमच्याकडे बघत होते. आम्ही काहीतरी सुरू करू, याची वाट बघत.

सुई खरखरली. मास्टर झाकणाकडे वळले. मी पाहिलं तर चार कोट होते, आणि माझा घसरून खाली पडला होता.

७

“मास्टर,” मी म्हणाले, “तुमच्या कानांना काही झालेलं नाही. व्हायोलिन उजवीकडून येतायत. नोव्हेंबरात वायरी उलट्या लागल्या.”

मास्टर माझ्याकडे बघत राहिले. मग यंत्राशी गेले, भिंग काढलं, डबी सोडवून उजेडात धरली. दोनदा उलटसुलट करून पाहिली. आणि मग ते हसायला लागले. आधी हळू, मग इतके की त्यांना खुर्ची धरावी लागली.

“कान नाही गेले,” ते म्हणाले. “डोळे गेलेत. नुसते डोळे.” आणि डोळे पुसले. “चार महिने मी रडतोय कानांसाठी.”

ते चिमटा आणायला वळले.

“थांबा,” चिदासान म्हणाल्या. “आधी कॉफी घेऊ.”

“पाच मिनिटांचं काम आहे.”

“मग पाच मिनिटांनी करा.”

डॉक्टर चष्मा पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता. मी त्यांच्याकडे बघितलं.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “तुम्हाला कधी कळलं?”

“डिसेंबरात,” ते चष्म्याला म्हणाले. “पहिल्या सुरालाच.”

“आणि बोलला नाहीत?”

“माझा मोठा भाऊ बोटं मोडायचा. एकेक करून दहाही, मैफलीत. आमची त्यावरून मारामारी व्हायची.” त्यांनी चष्मा लावला. “डिसेंबरात मी सहा मोजली. जानेवारीत दहा.”

चिदासान खिडकीबाहेर बघत होत्या. “आमचे हे नाकातून सूर धरायचे,” त्या म्हणाल्या. “तेही चुकीचा. मी म्हटलं, या वयात कुणाला सांगायचं? खुळी म्हणतील. आणि सांगितलं तर हा माणूस चिमटा घेऊन धावेल.”

“म्हणजे सगळ्यांना माहीत होतं,” मास्टर हळू म्हणाले, “मी सोडून.” चिमटा त्यांच्या हातात तसाच होता. “मला काही ऐकू आलं नाही. नुसतं चुकीचं वाटत राहिलं.” चिमटा खाली ठेवून ते म्हणाले, “तसंच ठेवायचं असेल तर तसंच ठेवू. माझे कान चांगले आहेत हे कळलं, मला पुरे.”

डॉक्टर आणि चिदासान माझ्याकडे बघू लागले. पाहणारी मी एकटीच होते आणि त्यांना ते कसं कळलं होतं कोण जाणे.

पुढच्या बैठकीला कागद माझ्या कानाशी आला असता. पण त्याच्यामागे त्या सगळ्या तिरक्या माना होत्या, आणि सेइगोचं ते थांबून राहणं.

“त्यांना तिकडे नीट ऐकू जात नसावं,” मी म्हणाले. “आलेत, बसलेत, पण अजून सुरू व्हायचं आहे असं बसलेत. आपल्याकडे बघत.”

कुणी विचारलं नाही की तुम्ही काय पाहिलं.

“आमचे हे फार अधीर होते,” चिदासान म्हणाल्या. “ताटकळत ठेवलेलं त्यांना खपायचं नाही.” त्यांनी नाक ओढलं. “करा मास्टर. भिंग मी धरते, तुमचा काही भरवसा नाही.”

डॉक्टरांनी रंग वाचून दाखवले. पांढरी, निळी, तांबडी, हिरवी. दोनदा.

८

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी मास्टरनी प्रथमच स्वतःची रेकॉर्ड लावली. आमचं ऐकलेलं सांगून झालं होतं. डॉक्टरांनी महिनाभर एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेलं बाखचं काही ऐकलं होतं आणि त्यावर फक्त सहा मिनिटं घेतली. चिदासाननी एक ध्रुपदासारखं संथ, भारतातलं काही ऐकलं होतं. त्यातला माणूस एका सुरापासून निघायलाच तयार नव्हता आणि ते त्यांना फार आवडलं होतं.

मास्टर फक्त एवढंच म्हणाले, “हायडन आहे. मला हसू येतं.”

चार वाद्यं सुरू झाली. व्हायोलिन खिडकीकडे, चेलो दाराकडे. इतकं सरळ आणि ताजं होतं ते, जणू सगळं घर झाडून खिडक्या उघडल्यात. डॉक्टरांनी मोठा श्वास घेतला. मधल्या एका ठिकाणी चौघं थांबले, फसवायला, आणि मी फसले नाही, तरी हसले.

संथ भाग आला. मी थांबले. कागद नव्हता. बोटं मोडली नाहीत, नाकातून सूर आला नाही. चौघं वाजवत होते आणि दुसरं काही नव्हतं. माझे डोळे भरले, पण मला वाईट वाटत होतं असं म्हणता येणार नाही. ते फार सुंदर वाजवत होते.

भाग संपला. पुढचा सुरू होण्याआधी, सुरांच्या त्या लहानशा मोकळ्या जागेत, आमच्या पाठीमागे पुष्कळ लोकांनी एकदम श्वास सोडला. भरलेल्या सभागृहात संथ भागानंतर सोडतात तसा, समाधानानं, अंग सैल करत. कुणीतरी खुर्चीत सरकलं. मग शांत झालं.

आता ते समोरून आमच्याकडे बघत नव्हते. आम्ही सगळेच एका दिशेला तोंड करून बसलो होतो.

डॉक्टर हलले नाहीत. मी हलले नाही. मागे वळून बघायचा विचारही मला आला नाही, इतकी माझी मान थंड पडली होती आणि इतकं मला छान वाटत होतं.

शेवटचा भाग सुरू झाला, उड्या मारत. डोळे मिटलेलेच ठेवून चिदासाननी डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मग मीही माझी खुर्ची हळूच, आवाज न करता, टीचभर डावीकडे घेतली. मागच्या माणसाला माझ्या डोक्याचा अडथळा नको.